लाल रेघेच्या अलीकडे

पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं. दुपारची जेवणं उरकली होती, माझी लेक मनवा माझ्या कुशीत नुकतीच झोपली होती, घरात सामसूम होती, आणि स्वयंपाकघरात ते झाकण आपलं थडथड, थडथड. चहा ठेवून कुणीतरी विसरलं असणार म्हणून मी हळूच हात सोडवून उठले.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा लावून ओट्यापाशी उभ्या होत्या. पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं. झाकणाच्या फटीतून तांब्याची एक बारीक नळी बाहेर आली होती. तिचं एक टोक पाण्यात आणि दुसरं आत्तींच्या हातातल्या गोल डबीला. डबीला काच, काचेमागं आकडे आणि एक पांढरा काटा.

"आत्ती, हे काय?"

"मीटर हाय. उकळून बघतीया."

"मीटर उकळतात?"

"उकळत्या पाण्यात किती दावतोय ते बघायचं. हितं खोटं बोलला तर घाटात बी खोटंच बोलंल." काटा थरथरत शंभराच्या जरा अलीकडे येऊन थांबला. आत्तींनी मान डोलावली, गॅस बंद केला आणि शेजारची दुसरी डबी उचलली. "आन् ह्यो तेलाचा. ह्याला उकळायचं न्हाई."

"जीपला बसवायचे?"

"मग काय कुकरला?"

कोल्हापूरहून त्यांच्या भाच्यानं एसटीतून पाठवलं होतं ते पार्सल. मला वाटलं होतं, मिक्सरचं भांडं असेल.

जीप मामांची, माझ्या सासऱ्यांची. आमचा आजऱ्यात काजू फोडायचा लहानसा कारखाना आहे. काजूगराचे डबे आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला न्यायचे आणि येताना बियांची पोती भरून आणायची, हे काम मामा आणि ती जुनी डिझेल जीप माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून करत होते. पण त्याच महिन्यात घाट चढताना जीप उकळली. नुसती वाफ नाही, इंजिनाचं हेड गेलं. मामा एकटेच होते त्या दिवशी, कारण आत्ती माहेरच्या जत्रेला गेल्या होत्या. ट्रकमागं बांधून जीप घरी आली. दुरुस्ती झाली तेव्हा माझ्या नवऱ्यानं, रणजितनं, जेवताना सांगून टाकलं, "आई, आता परत एकदा जरी उकळली तरी मी विकणार. गडहिंग्लजचा माणूस कधीचा मागं लागलाय. पिकअप घेऊ, ड्रायव्हर ठेवू. दादांनी आता आराम करावा."

मामा ताटाकडे बघून जेवत राहिले. हल्ली ते असंच करायचे. बोललेलं मनावरच घ्यायचे नाहीत. दोन-दोनदा हाक मारावी तेव्हा कुठं बघायचे. वयानं हट्टी झालेत, असं रणजित म्हणायचा, आणि मलाही तसंच वाटायचं. त्या रात्रीनंतर ते सोप्यात खुर्ची टाकून घराकडे पाठ आणि जीपकडे तोंड करून बसायला लागले.

मामांची आजऱ्यात एक ख्याती होती. स्टँडवरचे जीपवाले आपल्या गाड्या घेऊन आमच्या दारात यायचे. मामा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हिचा वॉटर पंप महिन्याभरात जाणार." जायचाच. 'कानवाले मामा' म्हणत त्यांना. त्यांच्या जीपमधले कंपनीचे मीटर कधीच मेले होते, पण त्यांनी ते बदलले नव्हते. ड्रायव्हरला कान असला की मीटर कशाला, हे त्यांचं पेटंट वाक्य.

म्हणूनच मी आत्तींना विचारलं, "मामा बसवू देतील?"

"उद्या ते उत्तूरला साखरपुड्याला चाललेत," आत्ती नळी पुसत म्हणाल्या. "तू हाताखाली ये. आन् येताना तुझं लाटणं आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची एसटी सुटल्याबरोबर आत्तींनी लुगड्याचा पदर खोचला आणि जीपचं बॉनेट उघडलं. आत्तींच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा चरक चालवायला डिझेलचं इंजिन, आणि त्या इंजिनाच्या तेलाच्या काट्यावर नजर ठेवायचं काम लहानपणी आत्तींचं. भावंडं काकवी चाटायची तेव्हा ही इंजिनापाशी. हे मला त्या दिवशी जीपखाली आडवी पडून बॅटरी धरताना कळलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि आपल्या सासूला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते न बघता कळतं, हे मला माहीतच नव्हतं.

"वायरीचे मीटर मिळतात की सोपे," मी खालून म्हणाले.

"मिळत्यात. पण वायर म्हंजी निरोप्या. बॅटरी उतरली, कुठं गंज चढला, की निरोप बदलला. हितं बघ, इंजिनातलं तेलच नळीतनं चालत काट्यापत्तुर जाणार. मधी कोण न्हाई. काय असंल त्ये तोंडावर." त्यांनी इंजिनाच्या कुशीतलं तेलाच्या दिव्याचं जुनं बटण काढलं. तिथं पितळेचा तीन तोंडांचा जोड बसवायचा होता, म्हणजे एका तोंडाला जुनं बटण परत लागेल आणि दुसऱ्याला नवी नळी. नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेप त्यांनी प्रत्येक आट्यावर चांगली भरपूर गुंडाळली. "थेंब गळता कामा नये. गरम तेल पायावर पडलं तर कातडं येतंय."

उष्णतेच्या मीटरची नळी लांबच लांब होती. बसवून झाली तरी हातभर उरली. मी पक्कड उचलली. "उरलेली कापू का?"

"आगंऽऽ!" आत्ती अशा ओरडल्या की गॅलरीतली चिमणी उडाली. "तिच्यात जीव हाय. बंद नळी असती ती, कापली की मेली. दे ते लाटणं."

माझ्या पोळपाटाच्या लाटण्यावर त्यांनी ती नळी हळूहळू वेटोळं घालत गुंडाळली. मग लाटणं अलगद काढून घेतलं. इंजिनाच्या आणि मधल्या पत्र्याच्या मध्ये ते वेटोळं स्प्रिंगसारखं लोंबत राहिलं. तेलाच्या नळीचंही तसंच केलं.

"हे कशाला? दिसायला बरं म्हणून?"

"इंजिन दिवसभर हालतंय. बॉडी जाग्यावर आसती. दोघांच्या मधी ताठ नळी ठेवलीस तर चार दिसांत तुटंल. मधी झोळ ठेवायचा." त्यांनी बोटानं वेटोळ्याला टिचकी मारली. ते डुललं. "आता कितीबी हालू दे."

पत्र्याच्या भोकाची धार नळीला लागू नये म्हणून रणजितच्या जुन्या स्लिपरची टाच कापून मधे बसवली. तेवढ्यात स्लिपरचा मालकच कारखान्यातून पाणी प्यायला आला.

"अरे वा! सासू-सुनेनं गॅरेज टाकलं! पंक्चर काढता का?"

"तुझं काढीन," आत्ती बॉनेटमधून म्हणाल्या. "किल्ली फिरव जरा."

रणजितनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. तेलाचा काटा झोपेतून उठल्यासारखा सरसरत वर गेला. मी टाळ्या वाजवल्या. आत्तींनी जोडाखाली बोट फिरवून बघितलं. कोरडं होतं.

"पण आई, तेलाचा दिवा लागतच नाही," रणजित म्हणाला. "किल्ली दिली की आधी लाल दिवा लागायला पाहिजे ना?"

आत्तींचा चेहरा उतरला. त्यांनी बटणाची वायर काढून परत लावली, बटण झटकलं, फुंकर मारली. दिवा मेलेलाच. जुनं नीट चालणारं आपण बिघडवलं, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. गुऱ्हाळाच्या इंजिनाला दिवे नव्हते.

रणजित वाकून बघत राहिला आणि एकदम हसला. "आई, टेप किती गुंडाळलीयस! लग्नातल्या नारळासारखी. बटणाला अर्थिंग आट्यांतनं मिळतं. पितळ लोखंडाला टेकलंच नाही तर दिवा कसा लागणार?"

"व्हय की!" आत्तींनी कपाळाला हात लावला, काळ्या तेलाचा. "नळ दुरुस्त केल्यागत केलं बघ मी." मायलेकांनी मिळून टेप काढली. नळीचा जोड तसाच ठेवला, बटणाच्या बाजूला एकच पातळ वेढा घातला आणि टोकाचे आटे उघडे सोडले. दिवा लागला. इंजिन सुरू झाल्यावर विझला. रणजित पाणी प्यायला आला होता तो जेवूनच गेला.

मीटर कुठं लावायचे यावरून मात्र माझं आणि आत्तींचं वाजलं. मी म्हणत होते, खाली डॅशबोर्डवर, जुन्याच्या जागी. आत्तींनी पत्र्याची पट्टी वाकवून ते स्टेअरिंगच्या वर, ऐन काचेपाशी लावले.

"आत्ती, समोर शिंगांसारखे दिसतायत."

"दिसायलाच पायजेत. नजर रस्त्यावर असली तरी कोपऱ्यातनं दिसायला पायजेत. तुझं ते नखाचं लाल हाय का?"

माझं नेलपॉलिश घेऊन त्यांनी उष्णतेच्या काचेवर एक ठळक रेघ मारली. तेलाच्या काचेवर खाली एक. फुंकून वाळवली. मग आत जाऊन हळद-कुंकू आणलं, दोन्ही मीटरना लावलं आणि टायरखाली लिंबू ठेवलं.

संध्याकाळी मामा आले. पिशवी हातातच ठेवून जीपपाशी उभे राहिले.

"ही घड्याळं कुणी लावली?"

आत्ती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, सोपा ओलांडून अंगणात उतरल्या, त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मगच बोलल्या. "मी."

"काढ."

"काढते. उद्या सावंतवाडीला जाऊन भरलेला घाट चढून येऊ. वर आल्यावर नको म्हणालासा तर मी माझ्या हातानं काढीन."

"मला शिकवतीस? चाळीस वर्सं गाडी चालवली मी. मीटर बघून?"

"न्हाई. कानानं." आत्तींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "आन् उकळली तर रणजितला त्याच्या माणसाला बोलवू दे. मी आड येणार न्हाई."

रणजित दारात उभा होता. "आई, शब्द?"

"शब्द."

मामा पाय धुवायला गेले.

एप्रिलचं ऊन होतं. जाताना उतार, इंजिनाला काहीच त्रास नाही. मामा मीटरकडे चुकूनही बघत नव्हते. बघायचं नाही म्हणून मान जराशी उजवीकडे वळवून बसले होते. आत्ती नेहमीच्या जागी, त्यांच्या डावीकडे. मी आणि मनवा मागं. आत्ती प्रत्येक खेपेला बरोबर जायच्या. बाजार करायचा, मासे आणायचे, काहीतरी कारण असायचंच. गाडीत त्यांचा उजवा हात मामांच्या मांडीवर असायचा. मागून हॉर्न वाजला की त्या हलकेच थोपटायच्या आणि मामा गाडी बाजूला घ्यायचे. मला मागं बसून हसू यायचं. या वयात काय हे प्रेम, म्हणून मी खिडकीबाहेर बघायची.

सावंतवाडीत डबे उतरवले, पोती भरली. दाणोली मागं पडली आणि चढ लागला. मामांनी दुसरा गिअर टाकला. जीप कण्हत वर निघाली.

पहिल्या मोठ्या वळणानंतर तो आवाज आला. आडावरची कोरडी कप्पी ओरडते तसा. चीं… चीं… चींऽऽ. फॅनचा बेल्ट होता. दुरुस्तीत नवा घातलेला, आणि नवा बेल्ट पहिल्या काही खेपांत ताणून सैल होतो, एवढं काजू कारखान्यात राहून मलाही कळायला लागलं होतं. बेल्ट घसरला की पंखा मंदावतो, पाणी फिरत नाही. मी मामांकडे बघितलं. आता थांबतील. ज्या माणसाला दारातून जाणाऱ्या गाडीचा पंप कळतो, त्याच्या नाकासमोर बेल्ट किंचाळतोय.

मामा शांतपणे गाडी चालवत होते.

"आजोबा!" मनवा माझ्या मांडीवरून ओरडली. "आजोबा, गाडी रडतेय!"

मामांनी मान वळवली नाही. कानाची पाळीसुद्धा हलली नाही.

मी पुढं वाकले, तोंड उघडलं, आणि आत्तींनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी मनवाच्या तोंडावर हात ठेवला आणि गप्प बसले. तेव्हा माझं लक्ष गेलं. आत्तींचा उजवा हात आज मामांच्या मांडीवर नव्हता. त्यांनी तो उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला होता, आणि दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

काटा चढत होता. ऐंशी. नव्वदच्या जवळ. बेल्ट ओरडत होता, आणि त्या गाडीत तो तीन बायकांना ऐकू येत होता. एकदा थोपटलं असतं की झालं असतं. जीप वाचली असती. मामा थांबले असते, आणि घरी गेल्यावर त्यांना माहीत असलं असतं की बायकोनं थांबवलं म्हणून थांबलो. आत्तींच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटाच्या पकडीत एकमेकींवर दाबल्या गेल्या होत्या. ओठ हलत होते. बहुतेक गावच्या रवळनाथाला काहीतरी बोलत होत्या. मी काट्याकडे बघत होते आणि माझ्याच नेलपॉलिशची रेघ मला जवळ जवळ येताना दिसत होती.

वळण आलं. मामांनी वळणाचा अंदाज घ्यायला मान सरळ केली. नजर काचेवर गेली, आणि नजरेच्या कोपऱ्यात ती दोन शिंगं आलीच.

ते एकदम ताठ बसले. पुन्हा बघितलं. मग तेलाच्या काट्याकडे बघितलं, तो जागेवर होता. परत पहिल्याकडे. काटा लाल रेघेच्या जरासा अलीकडे. मामांनी गाडी कडेच्या रुंद जागेत घेतली, चाकामागं दगड ठेवायला मला खूण केली आणि उतरून बॉनेट उघडलं. अंगठ्यानं बेल्ट दाबला. तो लुगडी वाळत घातलेल्या दोरीसारखा खाली गेला.

आत्ती गाडीतच बसून होत्या, डोळे मिटून. मनगटावर बांगड्यांचे वळ उठले होते.

मामांनी पाने काढले, नट ढिला केला, टॉमीच्या दांड्यानं डायनामो बाहेर रेटून बेल्ट ताणला, नट आवळला. इंजिन परत सुरू करून नुसतं चालू ठेवलं आणि बाहेर उभे राहून काचेतून काट्याकडे बघत राहिले. काटा हळूहळू उतरला. तेव्हा कुठं ते गाडीत येऊन बसले. बोटाच्या पेरानं काचेवर टिचकी मारली.

"ही रेघ कशाची गं?"

आत्तींनी आधी तोंड त्यांच्याकडे वळवलं. "तुमच्या सुनेच्या नखाची."

मामा हसले. जीप ट्रकमागं बांधून आली त्या दिवसापासून हसले नव्हते. मग पुढं बघून, गिअर टाकता टाकता, अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी बी ओरडलाच आसंल. न्हाई?"

आत्तींनी उजवा हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला. लगेच मागून ट्रकनं हॉर्न दिला, हात दोनदा हलला, आणि मामांनी गाडी बाजूला घेतली.

या खेपेला मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रणजित अंगणातच होता. त्यानं आधी बॉनेटवर हात ठेवून बघितला, मग ते उघडलं. डायनामोच्या नटावर पान्याची ताजी चमक होती.

"दादा, वाटेत थांबला होता?"

मामा पोती उतरवत होते. रणजित त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि नटाकडे बोट केलं, तेव्हा त्यांना प्रश्न कळला. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसली.

"बेल्ट ओरडला. म्हणून थांबलो. ताणला. काटा रेघेला टेकला बी न्हाई." आणि मग, जरा छाती काढून, "कान अजून शाबूत हाय म्हटलं तुझ्या बापाचा."

आत्ती माशांची पिशवी घेऊन पायरीवर पोचल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "ओरडला की. केवढ्यानं ओरडला!"

रणजितनं माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "मीही ऐकला."

"कमाल आहे दादांची," रणजित म्हणाला. मीटरकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि खिशातून फोन काढून गडहिंग्लजच्या माणसाला लावला. "नाही हो. नाही विकायची. नाही, पुढच्या वर्षीही नाही."

"ही घड्याळं काढू का?" आत्तींनी मामांच्या पुढ्यात जाऊन विचारलं.

"ऱ्हाऊ देत," मामा म्हणाले. "लावलीयस तर आता. गाडीला बरी दिसत्यात."

मनवा न्हाणीत माझ्यापुढं उभी होती. मी तिच्या पायांवरची घाटातली तांबडी धूळ धूत होते. मघापासून ती काहीच बोलली नव्हती. एवढा वेळ ती गप्प राहिली की मला भीती वाटते.

"आई, आजोबांना ऐकू येत नाही ना?"

"असं कुणी सांगितलं?"

"मी किती मोठ्यांदा ओरडले. गाडी रडतेय म्हणून." तिनं दुसरा पाय पुढं केला. मी त्यावर पाणी ओतलं, गरजेपेक्षा जास्तच.

"सगळ्यांना सांगायचं नसतं हं असं," मी म्हणाले.

"नाही सांगणार." ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर उभी राहिली. विचार करत होती. "पण आई, मी झोपताना रोज आजोबांच्या कानात गुपित सांगते. ते डोळे मिटून म्हणतात, 'आसं व्हय?' मग ती सगळी गुपितं कुठं गेली?"